दहा वर्षं उशिरा आलेलं कर्णधारपद

मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाच्या गोलंदाजांना नुसतं राबवून घेतलं. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा. हजारे २८८, गुल महंमद ३१९. भागीदारीचा हा जागतिक विक्रम पुढे जवळजवळ साठ वर्षं टिकला आणि आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना तो तोंडपाठ असायचा. मोडला गेलेला विक्रम कोणाचा, याची चौकशी मात्र क्वचितच व्हायची. तो होता ५७४ धावांचा, जेमतेम वर्षभर आधीचा, त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचा. बार्बाडोसच्या विशी-एकविशीतल्या दोन पोरांनी तो केला होता: क्लाइड वॉलकॉट आणि फ्रँक वॉरेल.

त्याच्याही दोन वर्षं आधी वॉरेलने त्रिनिदादच्याच गोलंदाजांविरुद्ध अशीच एक अखंड भागीदारी रचली होती, ५०२ धावांची. त्यात त्याच्या स्वतःच्या नाबाद ३०८, वय एकोणीस. त्या वेळी दुसऱ्या टोकाला होता जॉन गोडार्ड. वॉलकॉटबरोबरची जोडी आकड्याने मोठी असली, तरी आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाची जोडी ही. गोडार्ड गोरा होता, बार्बाडोसमधल्या बड्या व्यापारी घराण्यातला. खेळाडू बरा होता, पण फलंदाज म्हणून वॉरेलच्या पासंगालाही पुरला नसता. हा गोडार्ड १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा कर्णधार झाला. वॉरेल झाला १९६० मध्ये.

बार्बाडोस म्हणजे सगळं मिळून ४३० चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईहूनही लहान. उसाचे मळे, साखरेचे कारखाने, मूठभर गोरे मळेवाले आणि व्यापारी, आणि उरलेली बहुतेक वस्ती गुलामांच्या नातवंडा-पतवंडांची. क्रिकेट सगळ्यांचं होतं, क्लब मात्र वाटलेले होते. वाँडरर्स आणि पिकविक हे गोऱ्यांचे, स्पार्टन शिकलेल्या, सुस्थितीतल्या सावळ्या-काळ्या वर्गाचा, एम्पायर त्याच्या खालच्या पायरीवरच्या काळ्या मंडळींचा. आपल्याकडे जिमखाने धर्माने वाटले गेले होते आणि पाळवणकर बाळूंसारख्या गोलंदाजाला हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

फ्रँक वॉरेलचा जन्म १ ऑगस्ट १९२४ चा, ब्रिजटाउनला लागून असलेल्या बँक हॉल भागातला. एव्हर्टन वीक्स फेब्रुवारी १९२५ मध्ये जन्मला आणि वॉलकॉट जानेवारी १९२६ मध्ये, तेही तिथून हाकेच्या अंतरावर. तिघांनाही एकाच सुइणीने जगात आणलं अशी आख्यायिका आहे. तिची शहानिशा कोणी केली असेल असं वाटत नाही, आणि करूही नये. वॉरेलची आई न्यूयॉर्कला निघून गेली, वडील बहुतेक काळ जहाजावर. पोरगा वाढला आजीकडे. कोंबरमिअर शाळेच्या संघात त्याला घेतलं ते डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून. फलंदाजी नंतर उमलली. शाळेतच त्याच्यावर एक शिक्का बसला: हा पोरगा शिष्ट आहे, स्वतःला फार समजतो. छोट्या बेटावर बसलेला शिक्का सहजी पुसला जात नाही. १९४७ मध्ये त्याने बार्बाडोस सोडून जमैका गाठलं, त्यात या शिक्क्याचा वाटा मोठा होता.

वॉरेलबद्दल आज जे लिहिलं जातं त्यात तो एखाद्या संतासारखा भेटतो: सौम्य, हसतमुख, सगळ्यांना सांभाळून घेणारा. ते सगळं खरं आहे. पण त्या काळच्या क्रिकेट मंडळाला विचारलं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं. हा माणूस पैशाची भाषा करतो, अशी त्यांची तक्रार होती. १९४७-४८ मध्ये इंग्लंडचा संघ आला तेव्हा वॉरेलने पहिल्याच कसोटीत ९७ धावा केल्या, पुढच्या कसोटीत नाबाद १३१. लगेच नंतर भारताचा दौरा ठरला. वॉरेलने विचारलं, मानधन किती? आणि आकडा सांगितला. मंडळाने नकार दिला, वॉरेलने दौऱ्याला नकार दिला. 'बोल्शेव्हिक' ही शिवी त्याच्या वाट्याला आली ती या काळात. गोऱ्या, घरच्या श्रीमंत खेळाडूंनी हौस म्हणून खेळायचं आणि बाकीच्यांनी संघात घेतलं याचेच उपकार मानायचे, अशी एकूण रीत होती. त्यात एका चोवीस वर्षांच्या काळ्या पोराने आपल्या कामाची किंमत सांगावी, हे मंडळाच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. आज बार्बाडोसच्या पाच डॉलरच्या नोटेवर वॉरेलचा चेहरा आहे. ज्याने कोणी तो तिथे छापायचं ठरवलं, त्याला विनोदाची जाण असावी.

मंडळाने नाही म्हटलं, तर लँकेशायरने हो म्हटलं. मँचेस्टरजवळच्या रॅडक्लिफ या गावाच्या क्लबने वॉरेलला व्यावसायिक म्हणून घेतलं. सुताच्या गिरण्यांचं गाव. शनिवारी गिरणी सुटली की सगळे मैदानावर. क्लबचा व्यावसायिक एकच, बाकी दहा जण गावातलेच हौशी. त्याने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांतून पेटी फिरायची आणि लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे नाणी टाकायचे. चांगलं काम, रोख दाम. वॉरेलला या व्यवहारात काही कमीपणा वाटला नाही, गिरणीकामगारांनाही नाही. त्याचं रॅडक्लिफशी जे जमलं ते कायमचं; गावाने पुढे एका रस्त्याला त्याचं नाव दिलं.

आणि भारताचा दौराही झालाच, फक्त मंडळाच्या अटींवर नाही. १९४९-५० मध्ये राष्ट्रकुल संघ भारतात आला. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारे ऑस्ट्रेलियन, इंग्लिश, वेस्ट इंडियन असे व्यावसायिक गोळा करून बांधलेला हा संघ. कानपूरच्या अनधिकृत कसोटीत वॉरेलने नाबाद २२३ धावा केल्या. मालिका भारताने जिंकली, पण मद्रासपासून मुंबईपर्यंत लोकांच्या तोंडी नाव वॉरेलचं राहिलं. त्याची फलंदाजी पाहिलेली माणसं एक गोष्ट हटकून सांगत: हा चेंडू मारतोय असं वाटतच नाही. शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं, मनगट जरासं वळवायचं, आणि चेंडू पॉइंटच्या मागे सीमेपार. बॅटिंगची पाळी येईपर्यंत तंबूत पॅड बांधून खुशाल झोपून जायची त्याला सवय होती. उठवलं की जाऊन शतक.

पुढच्या हिवाळ्यात, १९५०-५१ मध्ये, राष्ट्रकुल संघ पुन्हा आला. कर्णधार इंग्लंडचे लेस एम्स, उपकर्णधार वॉरेल. एम्स दुखण्याने बाहेर बसले आणि धुरा वॉरेलकडे आली. ही गोष्ट इतिहासात तळटिपेपुरती उरली आहे, पण मला ती फार मोठी वाटते. गोरे इंग्लिश आणि ऑस्ट्रेलियन व्यावसायिक एका काळ्या कर्णधाराच्या हाताखाली भारताच्या मैदानांवर खेळत होते, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, आणि मालिकाही ते जिंकून गेले. वॉरेलला संघ चालवता येतो का, हा प्रश्न भारतात १९५०-५१ मध्येच निकालात निघाला होता. वेस्ट इंडीजच्या मंडळाला उत्तर सापडायला आणखी दहा वर्षं लागली.

ही दहा वर्षं म्हणजे मंडळाने केलेल्या कसरतींचा इतिहास आहे. १९४८ मध्ये इंग्लंडविरुद्ध ब्रिजटाउनच्या एका कसोटीपुरतं जॉर्ज हेडलीला कर्णधार केलं होतं. हेडली म्हणजे वेस्ट इंडीजच्या फलंदाजीचा मूळपुरुष, आणि काळा. त्यानंतर ते दार बंद झालं. गोडार्ड, मग जेफ स्टॉलमायर, मग डेनिस अ‍ॅटकिन्सन, पुन्हा गोडार्ड. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये ज्या संघाने लॉर्ड्‌सवर ३२६ धावांनी विजय मिळवला आणि मालिका ३-१ अशी खिशात घातली, त्यात वॉरेलच्या सरासरी जवळजवळ ९० ने ५३९ धावा होत्या. ट्रेंट ब्रिजवर २६१, ओव्हलवर १३८. १९५१ च्या नाताळात अ‍ॅडलेडला त्याने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ८२ मध्ये गारद झाला. १९५३ मध्ये हजाऱ्यांचा संघ वेस्ट इंडीजला गेला, तेव्हा किंग्स्टनच्या शेवटच्या कसोटीत तिन्ही 'डब्ल्यूं'नी एकाच डावात शतकं ठोकली: वॉरेल २३७, वॉलकॉट ११८, वीक्स १०९. हे सगळं करूनही १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आला, तेव्हा उपकर्णधार कोण? अ‍ॅटकिन्सन. वर्षभराने न्यूझीलंडला संघ गेला तो त्याच्याच नेतृत्वाखाली.

१९५७ च्या इंग्लंड दौऱ्यावर गोडार्ड पुन्हा कर्णधार होता, वय अडतीस. ट्रेंट ब्रिजवर इंग्लंडने ६ बाद ६१९ करून डाव घोषित केला. तेवढा वेळ मैदानात उभा राहिलेला, गोलंदाजीही केलेला वॉरेल तंबूत गेला, पॅड बांधले आणि सलामीला आला. संघ ३७२ मध्ये संपला. वॉरेल नाबाद १९१, सुरुवातीपासून अखेरपर्यंत. फॉलोऑन मिळाला. वॉरेल परत सलामीला. ही मालिका वेस्ट इंडीज ३-० हरला. हेडिंग्लीला त्याने ७० धावांत ७ बळी घेतले तरी डावाने हरला. चांगले खेळाडू असणं आणि चांगला संघ असणं यात किती अंतर असतं, ते या दौऱ्याने उघडं पाडलं.

वॉरेल या काळात मँचेस्टर विद्यापीठात शिकत होता. आधी अर्थशास्त्र, मग समाजमानवशास्त्र. लीगमधली कमाई, बायको वेल्डा आणि लहानगी मुलगी, आणि तिशी उलटल्यावर पदवीचा अभ्यास. १९५८-५९ चा भारत-पाकिस्तान दौरा त्यामुळेच त्याने घेतला नाही. त्या दौऱ्यावर कर्णधार होता जेरी अलेक्झांडर: जमैकाचा, जवळपास गोराच, केंब्रिजमध्ये शिकलेला, यष्टिरक्षक. अलेक्झांडर वाईट माणूस नव्हता, भारतात त्याने मालिका जिंकलीही. अडचण वेगळीच होती. वॉरेल पदवी घेऊन मोकळा झाला, संघात परतला, आणि तरी १९६० मध्ये इंग्लंडविरुद्ध त्याला अलेक्झांडरच्या हाताखाली खेळावं लागलं.

इथे सी. एल. आर. जेम्स या माणसाने पेन उचललं. त्रिनिदादचा हा मार्क्सवादी इतिहासकार, हैतीच्या गुलामांच्या उठावाचा ग्रंथकार, सव्वीस वर्षं परदेशात काढून १९५८ मध्ये मायदेशी परतला होता आणि त्रिनिदादचा नेता एरिक विल्यम्स याच्या पक्षाचं 'द नेशन' हे वर्तमानपत्र चालवत होता. त्याने मोहीम उघडली: अलेक्झांडरने गेलं पाहिजे, वॉरेल आला पाहिजे. जेम्सचा मुद्दा साधा होता. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, भारत जिथे जाल तिथे वॉरेलला मानतात. आपल्याच घरी त्याला कर्णधार करायला आपण कचरतो, ते केवळ रंगामुळे. बेटं तेव्हा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होती. स्वतःचं सरकार चालवायला निघालेल्या लोकांना स्वतःचा क्रिकेट संघ चालवता येत नाही, असं कोण ऐकून घेणार? जानेवारी १९६० अखेर पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत चरण सिंग हा स्थानिक पोरगा धावबाद झाला आणि मैदानावर बाटल्यांचा पाऊस पडला. दंगलीचं कारण धावबाद असलं, तरी दारू आधीपासून भरलेली होती, हे जेम्सने ओळखलं होतं.

वॉरेल स्वतः या वादात एक अक्षर बोलला नाही. ब्रिजटाउनला त्याने तरुण अष्टपैलू सोबर्सबरोबर ३९९ धावांची भागी केली आणि अकरा तासांहून अधिक खेळून नाबाद १९७ केल्या. द्विशतकाला तीन धावा हव्या असताना अलेक्झांडरने डाव घोषित केला. मालिका संपता संपता मंडळाने जाहीर केलं: ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कर्णधार, फ्रँक वॉरेल. वय पस्तीस, गुडघे कुरकुरायला लागलेले.

अलेक्झांडरला त्याने संघात ठेवलं, उपकर्णधार म्हणून. दुसरा कोणी असता तर या जोडीने दौरा नासवला असता. झालं उलटंच. अलेक्झांडरने त्या मालिकेत ४८४ धावा केल्या, सरासरी ६०.५०, संघात सर्वाधिक. सिडनीला १०८ केल्या. प्रथम श्रेणीतलं त्याचं आयुष्यातलं एकमेव शतक ते. कर्णधारपदाचं ओझं उतरल्यावर माणूस फुलला, आणि ज्याच्यासाठी तो पायउतार झाला त्याच्या हाताखाली फुलला. वॉरेलच्या नेतृत्वाचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

पण दौरा ओळखला जातो तो पहिल्या कसोटीसाठी. ब्रिस्बेन, डिसेंबर १९६०. वेस्ट इंडीज ४५३ (सोबर्स १३२, वॉरेल ६५), ऑस्ट्रेलिया ५०५, वेस्ट इंडीज २८४ (वॉरेल पुन्हा ६५). अ‍ॅलन डेव्हिडसनने सामन्यात अकरा बळी घेतले होते. ऑस्ट्रेलियाला शेवटच्या दिवशी हव्या होत्या २३३. वेस हॉलने आग ओतली आणि ६ बाद ९२ अशी दाणादाण उडाली. चहाच्या वेळी डॉन ब्रॅडमनने ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिची बेनॉला विचारलं, काय करणार? जिंकायला जाणार, बेनॉ म्हणाला. डेव्हिडसन आणि बेनॉने १३४ जोडल्या. रेडिओवरचा समालोचक अ‍ॅलन मॅकगिल्व्हरे आणि कीथ मिलर विमान पकडायला आधीच मैदान सोडून गेले होते. मॅकगिल्व्हरेने उरलेल्या आयुष्यात ही चूक किती वेळा उगाळली असेल, देव जाणे. सात धावा हव्या असताना जो सॉलोमनच्या थेट फेकीने डेव्हिडसन धावबाद झाला.

घड्याळात सहाला चार मिनिटं कमी. हॉलचं शेवटचं षटक, ऑस्ट्रेलियातल्या तेव्हाच्या पद्धतीने आठ चेंडूंचं. सहा धावा हव्यात, तीन गडी हाताशी. पहिला चेंडू वॉली ग्राउटच्या अंगावर आदळला, लेगबायची एक. दुसऱ्यासाठी वॉरेलने हॉलला बजावलं होतं: बंपर टाकायचा नाही. हॉलने बंपर टाकला. बेनॉने हूक केला, कड लागली, झेल अलेक्झांडरकडे. हॉल आनंदाने उड्या मारतोय आणि वॉरेल त्याच्याकडे शांतपणे पाहतोय, सांगितलं काय होतं आणि केलंस काय, अशा नजरेने. तिसरा चेंडू नवा फलंदाज मेकिफने खेळून काढला. चौथ्यावर बाय, हॉलने स्वतःच स्टंपवर फेक केली आणि ती हुकली. पाचव्यावर ग्राउटने चेंडू उंच उडवला. रोहन कन्हाय खाली उभा, झेल त्याचाच. तेवढ्यात गोलंदाजी संपवून हॉल धावत येऊन त्याच्यावर धडकला, झेल सुटला, एक धाव. आता तीन चेंडूंत तीन. सहावा चेंडू मेकिफने लेगला उंच मारला, सगळ्यांना वाटलं संपलं. कॉनराड हंटने सीमारेषेजवळ चेंडू अडवला आणि तिथून अलेक्झांडरच्या हातात अचूक फेकला. दोन धावा झाल्या, तिसरी घेताना ग्राउट धावबाद. धावसंख्या बरोबरीत. शेवटचा गडी लिंडसे क्लाइन आला.

वॉरेल हॉलजवळ गेला. नोबॉल टाकलास तर बार्बाडोसच्या विमानतळावर तुला उतरू देणार नाहीत, एवढंच म्हणाला. हॉलने ही गोष्ट पुढे आयुष्यभर रंगवून सांगितली आणि प्रत्येक वेळी सांगितलं की, आपण पाय क्रीजच्या किती तरी मागे टाकला होता. क्लाइनने चेंडू स्क्वेअरलेगकडे ढकलला, मेकिफ पळत सुटला. सॉलोमनला बाजूने जेमतेम एक स्टंप दिसत होता. त्याने तो उडवला. पंच कॉल हॉयचं बोट वर गेलं. ७३७ विरुद्ध ७३७. कसोटीच्या इतिहासात पहिल्यांदा सामना 'टाय' झाला, आणि मैदानावरच्या कित्येकांना नेमकं काय झालं हे कळायलाच काही मिनिटं गेली. प्रेक्षक होते जेमतेम चार हजार.

मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ जिंकली. अ‍ॅडलेडला शेवटच्या जोडीने, केन मकाय आणि तोच क्लाइन, दीड तासाहून जास्त वेळ किल्ला लढवला; हॉलचा शेवटचा चेंडू मकायने बॅट न लावता छातीवर घेतला. मेलबर्नच्या शेवटच्या कसोटीत एका दिवशी ९०,८०० लोक आले. तिथेच विजय हाताशी असताना ग्राउटच्या यष्टीवरची बेल खाली पडलेली दिसली, पंचांनी नाबाद दिलं, संघ चिडला. वॉरेलने खेळाडूंना गप्प केलं आणि खेळ पुढे चालू केला. ऑस्ट्रेलिया दोन गडी राखून जिंकला. बक्षीस समारंभात वॉरेलने आपली टोपी, टाय आणि ब्लेझर बेनॉच्या हाती दिले: हे माझं शिर, ही मान, हे धड, पाय मात्र देत नाही, ते कोणाच्या कामाचे उरलेले नाहीत. ब्रॅडमनच्या पुढाकाराने ऑस्ट्रेलियन मंडळाने दोन्ही देशांमधल्या मालिकेसाठी करंडक केला आणि त्याला वॉरेलचं नाव दिलं. तो घडवला एर्नी मकॉर्मिक या जवाहिऱ्याने, जो स्वतः एकेकाळी ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज होता. वर बसवला ब्रिस्बेनचा चेंडू. हरलेल्या संघाची मेलबर्नच्या रस्त्यांवरून उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली, दुतर्फा लाखो माणसं. गोऱ्यांखेरीज कोणाला स्थायिक व्हायला येऊ द्यायचं नाही, असं धोरण तेव्हा असलेला हा देश, हे इथे विसरू नये.

वर्षभराने भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला. १७ मार्च १९६२, ब्रिजटाउन, बार्बाडोसविरुद्धचा सामना. कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर सलामीला. पॅव्हेलियनमध्ये कोणी तरी खिडकी उघडली आणि लक्ष क्षणभर विचलित झालं, असं कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे सांगितलं. चार्ली ग्रिफिथचा चेंडू कानाच्या वर, डोक्याच्या मागच्या भागावर आदळला. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा क्रिकेटमध्ये नव्हती. रात्रीतून कवटी उघडावी लागली. रक्त हवं होतं. पहिल्या रक्तदात्यांत वॉरेल होता, प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार. बरोबर आपले पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पत्रकार के. एन. प्रभू. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. एकवीस वर्षांच्या पतौडींवर नेतृत्व येऊन पडलं आणि पाचही कसोटी आपण हरलो. रक्त दिलं म्हणून वॉरेलने मैदानावर काही सूट दिली नाही, हेही नोंदवायला हवं. १९८१ पासून बंगाल क्रिकेट संघटना ३ फेब्रुवारीला वॉरेलच्या नावाने रक्तदान शिबिर भरवते.

१९६२ मध्येच, मे अखेरीस, वेस्ट इंडीजचं संघराज्य मोडलं. चार वर्षांपूर्वी दहा वसाहतींनी एकत्र येऊन उभारलेलं हे राष्ट्र जमैकाच्या सार्वमताने खिळखिळं केलं, मग त्रिनिदाद बाहेर पडलं. वॉरेल कट्टर संघराज्यवादी होता. बार्बाडोसमध्ये जन्मला, जमैकात राहिला, पुढे त्रिनिदादला नोकरी केली. बेटाबेटांतल्या हेव्यादाव्यांचा त्याला तिटकारा होता. पूर्वी संघ दौऱ्यावर गेला की जमैकाचे एकीकडे, बार्बाडोसचे दुसरीकडे असे कंपू पडायचे. वॉरेलने ते मोडले, आणि त्यासाठी भाषणं ठोकली नाहीत. निवड गुणांवर, चूक झाली तर एकट्याला बाजूला घेऊन सांगणं, पंचाच्या निर्णयावर चकार शब्द नाही, एवढंच. राष्ट्र फुटलं त्या वर्षी त्या नावाने एकत्र उरलेल्या मोठ्या संस्था दोनच, विद्यापीठ आणि क्रिकेट संघ. वॉरेल दोन्हींत होता. मोना इथल्या विद्यापीठात तो वसतिगृहाचा प्रमुख होता, आणि जमैकाच्या सिनेटचा सदस्यही झाला.

१९६३ चा इंग्लंड दौरा हा त्याचा शेवटचा. मालिका ३-१ जिंकली. लॉर्ड्‌सला पुन्हा हॉलचं शेवटचं षटक, पुन्हा तीच धाकधूक. डेरेक शॅकल्टन चोरटी धाव घ्यायला निघाला, चेंडू शॉर्टलेगला वॉरेलच्या हातात आला. फेकला असता तर हुकला असता. अडतीस वर्षांचा वॉरेल चेंडू हातात घेऊन शॅकल्टनबरोबर शर्यत लावत धावला आणि त्याच्या आधी यष्टीपाशी पोचला. मग मोडलेला हात प्लास्टरमध्ये बांधून कॉलिन काउड्री दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला आणि सामना अनिर्णित सुटला. एकूण ५१ कसोटी, ३,८६० धावा, सरासरी ४९.४८, ६९ बळी. कर्णधार म्हणून १५ कसोटी, ९ विजय. कर्णधारपद त्याने सोबर्सच्या हाती सोपवायला सांगितलं, आणि १९६४-६५ मध्ये व्यवस्थापक म्हणून त्याच्या पाठीशी उभा राहिला. तेव्हा वेस्ट इंडीजने पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला मालिकेत हरवलं आणि वॉरेलच्या नावाचा करंडक घरी आणला. १९६४ मध्ये राणीने 'सर' किताब दिला.

१९६६-६७ च्या हंगामात सोबर्सचा संघ भारतात होता, तेव्हा वॉरेलही इथे होता. तब्येत बिघडली ती या दौऱ्यात. रक्ताचा कर्करोग निघाला.

नोव्हेंबर १९६६ मध्ये बार्बाडोस स्वतंत्र झाला होता. आनंद साजरा करायला त्यांनी बेत आखला: एकट्या बार्बाडोसचा संघ विरुद्ध उर्वरित जग. सोबर्स, हॉल, ग्रिफिथ, हंट, नर्स सगळे त्यांचेच. मग जगाला आव्हान द्यायला काय हरकत आहे? वॉरेलने जाहीरपणे टीका केली. बेटाने बेटाचा टेंभा मिरवणं त्याला पटणारं नव्हतं, आणि तसं बोलून दाखवायची त्याची सवय चोविसाव्या वर्षापासूनची. जन्मभूमीत लोक त्याच्यावर पुन्हा एकदा चिडले. मार्च १९६७ मध्ये केन्सिंग्टन ओव्हलवर तो सामना झाला आणि बार्बाडोस मोठ्या फरकाने हरला. त्याच महिन्याच्या १३ तारखेला वॉरेल जमैकात गेला, वय ४२. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याच्यासाठी स्मरणप्रार्थना झाली. खेळाडूला हा मान तिथे पहिल्यांदाच मिळत होता. दफनासाठी त्याला बार्बाडोसला नेलं. जागा निवडली ती विद्यापीठाच्या केव्ह हिल आवारातली. तिथे शिकायला सगळ्या बेटांवरून मुलं येतात.